सॅकरीनवर मास्कची फिट टेस्ट: मापं, क्रम आणि नेहमीच्या चुका

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने गेल्या पावसाळ्यात मला आपली फिट टेस्टची, म्हणजे मास्क चेहऱ्याला नीट बसतो का हे बघायच्या चाचणीची, फाईल दाखवली. एक सकाळ, दोन तास, बत्तीस कामगार, हूड (डोक्यावरून घालायचं आवरण, त्यात चाचणीचा फवारा सोडतात) एकच, आणि सगळे पास. मी हिशोब केला. माणशी चार मिनिटंही पडत नव्हती. या चाचणीतले नुसते व्यायामच (मान हलवणं, बोलणं, वाकणं) सात मिनिटांचे असतात, चव तपासायचा वेळ वेगळा. म्हणजे बत्तीस जणांना हूड घातलं, दोन-चार फवारे मारले, ‘गोड लागतंय का?’ विचारलं, ‘ना’ ऐकलं आणि सही घेतली.

‘ना’ची कारणं अनेक असतात. मास्क चांगला बसलेला असेल. किंवा नेब्युलायझर (द्रावणाचा बारीक फवारा करणारं उपकरण) तुंबला असेल, बाटली चुकीची असेल, माणसाने आताच नेवरी (करंजी) खाल्ली असेल, किंवा त्याला सॅकरीनची, म्हणजे चाचणीत वापरतात त्या गोड रसायनाची, चवच कळत नसेल. पहिलं कारण सोडून बाकीची सगळी काढून टाकायची, एवढ्यासाठीच हा सगळा क्रम आहे.

चाचणीमागचं गणित थोडक्यात असं. सॅकरीनच्या द्रावणाचा बारीक फवारा हुडात सोडायचा. त्याचे कण साधारण दोन-तीन मायक्रॉनचे असतात आणि एन-९५ची जाळी ते आरामात अडवते. म्हणून जिभेवर गोड लागलं तर ते जाळीतून नाही, मास्कच्या कडेतून आत आलं. द्रावणं दोन असतात, एक पातळ आणि दुसरं त्याच्या शंभरपट तीव्र. मास्कशिवाय पातळ द्रावण जेवढ्या फवाऱ्यांत कळतं, तेवढ्याच फवाऱ्यांत मास्क घालून तीव्र द्रावण कळलं नाही, तर बाहेरच्या शंभर भागांतला एक भागही आत जात नाही असं धरायचं. याला फिट फॅक्टर १०० म्हणतात. पातळ द्रावणाची पायरी वगळली तर तुलना कशाशी करायची हेच उरत नाही. आणि नेमकी तीच पायरी लोक वगळतात.

खालची मापं अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या श्वसनसंरक्षण नियमातली आहेत, क्रमांक १९१०.१३४, परिशिष्ट अ. किट विकत घेतलं असेल तर त्याचं माहितीपत्रक शेजारी ठेवूनच हा लेख वाचा.

१. मास्क आणि चेहरा आधी बघा

ही चाचणी चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या अर्ध्या मास्कसाठी आहे: एन-९५ किंवा त्याच्या जोडीचा फिल्टर-मास्क, नाहीतर रबरी किंवा सिलिकॉनचा हाफ मास्क. हाफ मास्कवर धुळीचा फिल्टर लावलेला असलाच पाहिजे. रंगकामाचं नुसतं गॅसचं कार्ट्रिज लावून चाचणी घेतलेली मी पाहिली आहे. कण त्यातून सरळ आत येतात, माणसाला गोड लागतं आणि बिचारा मास्क नापास होतो. सर्जिकल मास्क, कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल यांची फिट टेस्ट होत नाही, कारण त्यांना सीलच नसतं. चिऱ्यांच्या खाणीवर आजही रुमालच जास्त दिसतो, त्याला सॅकरीन तरी काय करणार.

फुल फेस मास्ककडून १००पेक्षा जास्त फिट फॅक्टर हवा असेल तर ही पद्धत पुरत नाही. तिथे यंत्राने मोजणारी चाचणी करावी लागते.

आता चेहरा. मास्कची कड जिथे टेकते तिथे केस नकोत. दोन दिवसांची खुंटंही नकोत. आपल्याकडे श्रावणात बरेच जण दाढी करत नाहीत, त्यामुळे त्या महिन्यात चाचणीचं शिबिर ठेवलं की निम्मी माणसं दारातूनच परत पाठवावी लागतात. तारीख ठरवतानाच कॅलेंडर बघा. धर्माच्या कारणाने कायम दाढी ठेवणाऱ्याशी वाद घालत बसू नका. त्याच्यासाठी पंख्याने हवा पुरवणारा सैल हूडवाला रेस्पिरेटर मागवा, त्याला फिट टेस्ट लागत नाही.

> तपासा: कवळी, चष्मा, सेफ्टी गॉगल, हेल्मेट. कामावर जे अंगावर असतं ते सगळं चाचणीलाही हवं.

२. सामान

हूड डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं, साधारण १२ इंच रुंद आणि १४ इंच उंच, पुढून पारदर्शक. आत मास्कसकट मान वळवता आली पाहिजे. नाकातोंडासमोर पाऊण इंचाचं भोक, त्यातून नेब्युलायझरची तोटी आत जाते.

हाताने बल्ब दाबायचे नेब्युलायझर दोन. दम्याच्या औषधाचं विजेवर चालणारं यंत्र चालणार नाही, कारण मग ‘दहा वेळा दाबा’ याला काही अर्थच राहत नाही. त्याशिवाय दोन बाटल्या, सेकंदकाटा दिसणारं घड्याळ, हातमोजे, साधं पाणी, टिश्यू, आरसा आणि निदान दोन-तीन साईजचे किंवा वेगवेगळ्या घडणीचे मास्क. एकाच साईजचा खोका घेऊन बसलात तर नापास माणसाला देण्यासारखं तुमच्याकडे काहीच नसतं, आणि मग त्याला ‘पास’ करायचा मोह होतो.

३. द्रावणं: सगळ्यात जास्त चुका इथे

हवं ते सोडियम सॅकरीन, औषधी किंवा खाद्य दर्जाचं. दुकानदाराला नुसतं ‘सॅकरीन’ सांगितलं तर तो साधं, आम्लरूपातलं सॅकरीनही देऊ शकतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एका ग्रॅमला पावणेतीनशे-तीनशे मिली पाणी लागतं. सोडियम सॅकरीनच्या एका ग्रॅमला सव्वा मिलीच्या आसपास पुरतं. तळाशी पांढरा गाळ बसून हलायचं नाव घेत नसेल तर पुडी परत करा.

औद्योगिक रसायनांच्या दुकानात आणखी एक पुडी मिळते, निकेल प्लेटिंगवाल्यांची. ते लोक बाथमध्ये लिटरमागे ग्रॅम-दोन ग्रॅम सॅकरीन टाकतात, त्याने थराला चकाकी येते आणि थर तडकत नाही. प्लेटिंगला ती पुडी ठीक, पण इथे माणूस ती श्वासातून घेणार आहे. घेऊ नका. चहात टाकायच्या गोळ्याही नकोत. त्यांत इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि कित्येकांत सॅकरीन नसतंच, अ‍ॅस्पार्टेम किंवा सुक्रालोज असतं.

तीव्र द्रावण, म्हणजे फिट टेस्टचं: १०० मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात ८३ ग्रॅम सोडियम सॅकरीन. इथली ठरलेली चूक अशी, की ८३ ग्रॅम पावडर आधी मापात घ्यायची आणि मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी ओतायचं. तसं केलं की पाणी कमी पडतं. पाणी १०० मिली मोजून घ्या, त्यात पावडर घाला. एकूण द्रावण १०० मिलीच्या बरंच वर जाईल, ते जाऊ दे. म्हणून भांडं मोठं घ्या.

आता वरचा आकडा पुन्हा बघा. सव्वा मिलीला एक ग्रॅम, आणि आपण १०० मिलीत ८३ ग्रॅम घातलेत. म्हणजे हे द्रावण विरघळण्याच्या अगदी काठावर उभं आहे. एसीच्या खोलीत बाटली रात्रभर राहिली की सकाळी तळाशी खडे दिसतात. तोटीच्या टोकावर थेंब सुकला की पांढरी खपली धरते. या चाचणीतले निम्मे घोळ या एका गोष्टीतून येतात. खडे दिसले तर वरचं पाणी ओतून घेऊ नका. बाटली गरम पाण्यात उभी ठेवा, हलवा, पूर्ण निवळ झाल्यावरच वापरा.

पातळ द्रावण, म्हणजे चव तपासायचं: १०० मिली कोमट पाण्यात ०.८३ ग्रॅम. एवढं वजन करायला दोन दशांशापर्यंत दाखवणारा काटा लागतो, किचनचा काटा चालत नाही. काटा नसेल तर तीव्र द्रावणातलं १ मिली सिरिंजने घेऊन १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात टाका, तेही नियमाला चालतं.

दोन्ही बाटल्या आणि दोन्ही नेब्युलायझर यांना एकमेकांपासून वेगळी खूण हवी. मी लाल आणि हिरवी टेप लावतो, नुसत्या पेनच्या अक्षरांवर विसंबत नाही. हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात कुंडईला एका ठिकाणी बारा जणांची चाचणी घेतली. चव तपासताना प्रत्येकाला दुसऱ्या-तिसऱ्या दाबातच गोड लागत होतं. मला वाटलं, काय तेज जीभ आहे लोकांची! मुख्य चाचणीत सगळे पास झाले. संध्याकाळी धुवायला बसलो तर ‘पातळ’ लिहिलेल्या नेब्युलायझरच्या तोटीवर पांढरी खपली होती, आणि ‘तीव्र’ लिहिलेला कोरडा, स्वच्छ. सकाळी भरतानाच अदलाबदल झाली होती. बाराही जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. त्यांतले तीन नापास निघाले.

> तपासा: दोन्ही द्रावणांचा एकेक थेंब स्टीलच्या ताटलीवर सुकू द्या. तीव्राची जाड पांढरी कड उठते, पातळाचा नुसता पुसट डाग राहतो. दोन मिनिटांचं काम आहे, रोज सकाळी करा.

घरी केलेलं द्रावण मी आठवड्याच्या वर ठेवत नाही. आपल्या हवेत पातळ द्रावणाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

४. खोली

पंखा बंद. मे महिन्यात हे सांगितलं की सगळे माझ्याकडे शत्रूसारखे बघतात, पण डोक्यावर पंखा फिरत असेल तर हुडाच्या खालच्या बाजूने फवारा उडून जातो आणि आत काही उरत नाही. एसी चालेल, झोत अंगावर नको. चाचणीची जागा आणि मास्क चढवायची जागा वेगळ्या ठेवा, एकाच टेबलावर दोन्ही नकोत.

वेळ धरताना माणशी वीस ते पंचवीस मिनिटं धरा. कॉन्ट्रॅक्टर ‘शिफ्टच्या आधी उरकून टाका’ म्हणेल. त्याला हा आकडा आधीच कळवा.

५. माणसाची तयारी

चाचणीआधी १५ मिनिटं काही खायचं नाही, साध्या पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, विडी-सिगारेट नाही, च्युइंग गम नाही. गुटखा आणि तंबाखूचं वेगळं सांगावं लागतं, कारण तोंडात चिमूट धरलेला माणूस ‘मी काही खाल्लं नाही’ असंच म्हणतो, आणि त्याच्या मते खरंच सांगतो. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाबरोबर गोड चहा घेऊन सरळ खुर्चीत बसलेल्याला पातळ द्रावण कळणार नाही. मी लोकांना अर्धा तास आधी बोलावतो आणि त्यातली पंधरा मिनिटं नजरेसमोर बसवतो. मधुमेह्यांना मात्र उपाशी ठेवायचं कारण नाही. त्यांनी वेळेवर खावं आणि पंधरा मिनिटांनी यावं.

दमा आहे का, श्वासाचा त्रास आहे का, सर्दीने नाक-घसा धरलाय का, हे विचारा. त्रास असेल तर आधी कंपनीच्या डॉक्टरांना दाखवा, चाचणी नंतर.

‘सॅकरीनने कॅन्सर होतो ना?’ हा प्रश्न प्रत्येक शिबिरात एकदा येतोच. उडवून लावू नका. उंदरांवरच्या प्रयोगांत मूत्राशयाच्या गाठी दिसल्या होत्या, म्हणून अमेरिकेच्या संशयित कर्कजनकांच्या यादीत सॅकरीन होतं. त्या गाठी उंदराच्या शरीरातल्या ज्या कारणाने होतात ते माणसाला लागू पडत नाही हे कळल्यावर २००० साली ते यादीतून काढलं. एवढं सांगितलं की माणूस निर्धास्तपणे जीभ बाहेर काढतो. नाहीतर भीतीने श्वास आखडून बसतो आणि चाचणी फुकट जाते.

६. चव तपासणं (मास्कशिवाय, पातळ द्रावण)

मास्क न घालता हूड चढवा. तोंड किंचित उघडं, जीभ थोडी बाहेर, श्वास तोंडाने. मोठी माणसं चारचौघांत जीभ बाहेर काढायला लाजतात, म्हणून बघ्यांना खोलीबाहेर ठेवा आणि आधी स्वतः करून दाखवा. नाकाने श्वास घेतला तर चव उशिरा कळते आणि पुढचं सगळं माप बिघडतं.

नेब्युलायझरमध्ये एका वेळी साधारण १ मिली द्रावण घ्या. तोटी भोकातून आत, पण रोख नाकातोंडाकडे नको, बाजूला. बल्ब पूर्ण चेपेपर्यंत दाबा, सोडा, पूर्ण फुगू द्या. असे भराभर दहा. मग विचारा.

गोड लागलं तर उंबरठा, म्हणजे चव कळायला लागलेल्या दाबांचा आकडा, १० लिहा. चौथ्याच दाबाला लागलं तरी १०च, चार नव्हे. नाही लागलं तर आणखी दहा, लागलं तर २०. पुन्हा नाही, तर आणखी दहा, लागलं तर ३०. तिसाव्यालाही ‘ना’ असेल तर या माणसाची सॅकरीनवर चाचणी होऊच शकत नाही. यात त्याचा काही दोष नाही, काही जिभा अशाच असतात. त्याच्यासाठी कडू चवीची बिट्रेक्स चाचणी आहे. तिची द्रावणं वेगळी आणि नेब्युलायझरही वेगळे, सॅकरीनचे वापरू नका.

काही जण म्हणतात, ‘गोड नाही, कडवट लागतंय.’ तेही खोटं बोलत नाहीत, सॅकरीन काहींना कडवट किंवा धातूसारखं लागतं. फक्त कडवटच लागत असेल तर मी त्यांनाही बिट्रेक्सकडे पाठवतो. गोड आणि मागून कडवट असेल तर पुढे जातो.

शेवटी त्याला सांगा: ‘ही चव लक्षात ठेव. मास्क घातल्यावर हीच लागली तर लगेच हात वर कर.’

> सावध: उंबरठा मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवू नका. जीभ रोज सारखी नसते.

७. मास्क चढवणं

हूड काढा, तोंड पाण्याने खळखळून धुवा, ओठ आणि गाल पुसा. तोंडातली गोडी पूर्ण जाऊ द्या. हा वेळ वाया जात नाही, कारण मास्क निदान ५ मिनिटं चेहऱ्यावर राहू द्यायचाच असतो. नाकावर रुततोय का, बोलता येतं का, गॉगल बसतो का, हे तेवढ्यात कळतं.

मास्क कामगाराने स्वतः घालायचा, हात धुऊन. तुम्ही घालून देऊ नका. उद्या फर्नेसजवळ तुम्ही नसाल. आणि तुमची बोटं तीव्र द्रावणाने माखलेली असतील तर ती गोडी मास्कच्या आतल्या बाजूला लागते आणि चांगला बसलेला मास्क नापास होतो. हातमोजे त्यासाठीच, आणि मास्कच्या खोक्याला हात घालण्याआधी ते काढायचे.

वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही मानेवर घ्यायची सवय सगळीकडे दिसते, टोपी घालता यावी म्हणून. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. आरसा समोर धरा, म्हणजे फट त्याची त्यालाच दिसते.

मग सील चेक: झडप नसलेल्या मास्कवर दोन्ही तळवे ठेवून श्वास सोडा, झडपेच्या मास्कवर जोराने आत ओढा. कडेने हवा जाणवली तर नीट करा. सील चेक म्हणजे फिट टेस्ट नव्हे. पण सील चेकमध्येच हरलेला मास्क हुडात नेण्यात अर्थ नाही.

८. मुख्य चाचणी (मास्कसकट, तीव्र द्रावण)

आधी नेब्युलायझर काळ्या कापडासमोर एकदा दाबा. धुक्याचा लोट दिसला पाहिजे. थेंब उडाले किंवा काहीच आलं नाही तर तोटी गरम पाण्याने धुवा.

हूड चढवा. श्वास पुन्हा तोंडाने, जीभ बाहेर. आता उंबरठा जेवढा तेवढे दाब: १०, २० किंवा ३०. त्यानंतर दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे: ५, १० किंवा १५. ही भर घालायचं लोक विसरतात. फवारा खाली बसतो, दोन मिनिटांत हूड जवळपास रिकामं होतं, आणि उरलेली पाच मिनिटं माणूस साध्या हवेत मान हलवत उभा राहतो.

व्यायाम सात, प्रत्येकी एक मिनिट, याच क्रमाने:

१. नेहमीचा श्वास, उभं राहून.
२. खोल, सावकाश श्वास. धापा टाकायच्या नाहीत.
३. मान डावीकडे-उजवीकडे. प्रत्येक टोकाला थांबून श्वास आत.
४. मान वर-खाली. वर बघताना श्वास आत.
५. बोलणं, तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल एवढ्या आवाजात.
६. कमरेतून वाकणं. हुडात वाकता येत नसेल तर जागच्या जागी धावल्यासारखं करणं.
७. पुन्हा नेहमीचा श्वास.

बोलण्यासाठी इंग्रजीतला एक ठरावीक उतारा किटबरोबर येतो. तो अडखळत वाचताना जबडा हलतच नाही, म्हणून मी देत नाही. शंभरपासून उलटे आकडे किंवा पाठ असलेलं काहीही चालतं. डिचोलीकडच्या एका फिटरने चतुर्थीची आरती घुमटाच्या ठेक्यात म्हटली, मान डोलावत. एवढी कडक चाचणी मी दुसऱ्या कोणाची घेतलेली नाही. बोलताना जीभ बाहेर राहणार नाही हे उघड आहे, मिनिट संपल्यावर पुन्हा काढायला सांगा.

दाबांचा हिशोबही करून ठेवा. उंबरठा १० असेल तर सात मिनिटांत साधारण ७५ दाब होतात. ३० असेल तर सव्वादोनशे. दुपारपर्यंत अंगठा बधिर होतो आणि दाब अर्धवट पडू लागतात. अर्धवट दाब म्हणजे अर्धा फवारा, म्हणजे खोटा पास. म्हणून दोघं असावेत, एक दाबणारा आणि एक घड्याळ बघणारा, दर दोन माणसांमागे अदलाबदल.

व्यायाम सुरू झाल्यावर मास्कला हात लावायचा नाही. सरकला म्हणून नीट केला, तर चाचणी रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकांचा हात आपोआप नाकाकडे जातो, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

सात मिनिटांत गोड लागलं नाही तर पास. पण हूड काढण्याआधी मी आणखी एक गोष्ट करतो. ती नियमात सक्तीची नाही. त्याला मास्कच्या कडेखाली एक बोट घालून किंचित फट करायला आणि श्वास घ्यायला सांगतो. लगेच चेहरा बदलला पाहिजे: ‘आरे, गोड!’ बदलला नाही तर फवाऱ्यात, जिभेत किंवा बाटलीत काहीतरी बिघडलंय आणि तो पास मी लिहीत नाही. अर्धं मिनिट लागतं. अदलाबदलीच्या त्या दिवशी हे केलं असतं तर पहिल्याच माणसाला चूक सापडली असती.

> तपासा: प्रत्येक चाचणीनंतर नेब्युलायझर पुन्हा काळ्या कापडासमोर दाबा. शेवटी तुंबलेला निघाला तर ती चाचणी अवैध, माणूस पास असला तरी.

९. गोड लागलं तर

थांबा. पट्टे ओढून ‘आता बघ’ म्हणत पुढे रेटू नका. आणि ‘इल्लेंशें लागता’ म्हणजे लागलंच. माणसं भिडेखातर ‘थोडंसंच’ म्हणतात, चाचणी घेणाऱ्याला ते शून्य ऐकू येतं.

हूड आणि मास्क काढा, तोंड धुवा, मोकळ्या हवेत बसवा, चव पूर्ण जाऊ द्या. मग दुसरी साईज किंवा दुसऱ्या घडणीचा मास्क घेऊन सगळं पहिल्यापासून, चवीच्या तपासणीसकट. चव पुन्हा का, असं विचारतात. तीव्र द्रावण चाखून झालेल्या जिभेला पातळ कळतं की नाही, हे आता परत बघायला हवं म्हणून. किटमधले सगळे मास्क हरले तर त्या माणसाला तोवर धुळीच्या कामावर पाठवू नका, आणि तसं लेखी द्या.

१०. नोंद आणि धुणं

नोंदीत नाव, तारीख, चाचणीचा प्रकार, मास्कची कंपनी, मॉडेल, घडण आणि साईज, पास की नापास. मी उंबरठ्याचा आकडा, सुरुवातीची आणि संपल्याची वेळ आणि द्रावणाची तारीखही लिहितो. वेळ लिहिली की चार मिनिटांची चाचणी कागदावरच उघडी पडते. ‘एन-९५, पास’ एवढंच लिहिणं निरुपयोगी, कारण पास त्या एका मॉडेलच्या एका साईजवर मिळालेला असतो. स्टोअरने पुढच्या महिन्यात स्वस्तातला दुसरा मास्क आणला की चाचणी पुन्हा. एरवी वर्षातून एकदा. वजन बरंच बदललं, दात काढले, कवळी बसवली किंवा चेहऱ्यावर व्रण आला तर त्याआधीही.

नेब्युलायझर सकाळी आणि दुपारी, जास्तीत जास्त दर चार तासांनी, रिकामे करून पाण्याने खळखळून धुवा, झटकून कोरडे करा, मग ताजं द्रावण भरा. जेवणाच्या सुट्टीत तसेच भरून ठेवले की परत येईपर्यंत तोटी बंद झालेली असते. हूड आतून ओल्या फडक्याने पुसा, प्रत्येक माणसानंतर. आतल्या प्लास्टिकवर बसलेली गोडी पुढच्याच्या ओठाला लागते. लाल टेपचा आणि हिरव्या टेपचा नेब्युलायझर एकाच बादलीत बुडवू नका, आणि वाळत घालताना दोघांमध्ये हातभर अंतर ठेवा.